पर्ड्यूचा झॅक एडी आणि ‘तिसऱ्या वर्षाचा खेळाडू’: कॉलेज बास्केटबॉलमधील निवड आणि घडण

वाबाशकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली पंधरा-सोळा वर्षे मी पर्ड्यू विद्यापीठाच्या गावात, म्हणजे इंडियानातील वेस्ट लफाएट येथे राहतो. एम.एस.साठी आलो तेव्हा बास्केटबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने मॅकी अरेनात, म्हणजे पर्ड्यूच्या बास्केटबॉल स्टेडियमात, ओढून नेले, आणि तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतल्या संध्याकाळी कोणाच्या, याबाबत आमच्या घरात वाद उरलेला नाही.

१७ मार्च २०२३ रोजी पर्ड्यूचा संघ फेअरली डिकिन्सन या न्यू जर्सीतील छोट्या विद्यापीठाकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या संघाने सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून मार खाण्याची ही इतिहासातली दुसरीच वेळ होती. पहिली नामुष्की २०१८ साली व्हर्जिनियाच्या वाट्याला आली होती. त्यातही गंमत अशी की फेअरली डिकिन्सन हा त्या वर्षी संपूर्ण डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेज खेळांच्या वरच्या श्रेणीतला, सर्वांत बुटका संघ होता आणि आमच्याकडे ७ फूट ४ इंच उंचीचा झॅक एडी होता. त्या बुटक्या पोरांनी मैदानभर अंगावर येऊन दाब दिला, आमच्या संघाने १६ वेळा चेंडू गमावला आणि २६ थ्री-पॉइंटरपैकी (दूरवरून मारायचे तीन गुणांचे नेम) जेमतेम ५ आत गेले. चेंडू हाताळणारे दोन्ही गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, कॉलेजच्या पहिल्याच वर्षात होते.

पराभवानंतर गावात जो तो संघ मोडायला निघाला होता. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी मात्र तेच गार्ड ठेवले आणि बाहेरून सदर्न इलिनॉयचा लान्स जोन्स हा एकच अनुभवी गार्ड आणला, कारण दाबाखाली चेंडू पुढे नेणारा आणखी एक हात हवा होता. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, याच मुलांनी पर्ड्यूला १९८० नंतर प्रथमच अंतिम चार संघांत नेले आणि तेथून अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

हे सगळे उगाळण्याचे कारण एडीची निवड. टोरांटोचा हा मुलगा लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळला. बास्केटबॉल हाती धरला तो दहावीच्या सुमारास. नंतर तो फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत दाखल झाला. (आपला भारतीय बास्केटबॉलपटू सतनाम सिंग भामरा ज्या संस्थेत शिकला, तीच ही.) शालेय खेळाडूंच्या राष्ट्रीय क्रमवारीत त्याचे नाव चारशेच्याही खाली होते. इतर प्रशिक्षक अशा मुलाला काय येत नाही ते पाहत असावेत. पेंटर यांच्याकडे हॅमन्स, हास, हार्म्स अशी उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणाऱ्या) खेळाडूंची माळच होऊन गेलेली असल्यामुळे, अवाढव्य मुलाचे पाय वळायला किती महिने लागतात याचा अंदाज त्यांना होता.

पहिल्या वर्षी एडी सामन्यामागे पंधरा मिनिटेसुद्धा खेळत नव्हता, कारण त्याच्या जागी ट्रेव्हियन विल्यम्स होता. तरी त्याची सरासरी ८.७ गुणांची होती. दुसऱ्या वर्षी ती १४.४ झाली, तिसऱ्या वर्षी २२.३ आणि चौथ्या वर्षी २५.२. देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो सलग दोन वर्षे निवडला गेला. असे १९८० च्या दशकातल्या राल्फ सॅम्पसननंतर कोणाला जमले नव्हते.

दुसऱ्या वर्षीचे एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. सामन्याला तासभर होता आणि आम्ही लवकर जाऊन बसलो होतो. बास्केटखाली एक सहायक प्रशिक्षक हातात जाड गादीची ढाल घेऊन उभा होता आणि चेंडू एडीच्या हातात आला की त्या ढालीने त्याला कमरेत ढकलत होता. एडीने डावा पाय रोवायचा, धक्का खायचा, चेंडू खांद्याच्या वरच ठेवायचा आणि उजव्या हाताने डोक्यावरून वळवून हुक मारायचा. चेंडू आत गेला की नाही याकडे तो प्रशिक्षक पाहतच नव्हता. चेंडू छातीपर्यंत खाली आला की मात्र ‘पुन्हा’ म्हणत होता, कारण तेथवर आलेला चेंडू सहा फुटी गार्डही काढून घेतो. असे तीस-चाळीस वेळा तरी झाले असेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘चांगली मुले आणावीत की आणलेली मुले घडवावीत’ हा वादच चुकीच्या जागी सुरू होतो. बाकावर बसूनही जो वाढेल असा मुलगा ओळखणे, ही निवडीचीच परीक्षा आहे. पेंटर मुलांची स्वभावचाचणीही घेतात, ती त्यासाठीच असावी. आता मात्र दर वसंतात कोणीही कोठेही जाऊ शकतो. अशा दिवसांत हे टिकेल का, हे आपणां सर्वांना विचारायचे आहे.

आकडेमोड

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. पर्ड्यूच्या संयमाचे कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली, ती अशी की २०२५ पर्यंत पर्ड्यूने राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद एकदाही मिळवलेले नाही. २०२४ चा अंतिम सामना कनेटिकटने ७५-६० असा जिंकला आणि त्या संघातला ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून, तर कॅम स्पेन्सर रटगर्सहून आलेला होता. २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवणाऱ्या फ्लोरिडाचे तिन्ही मुख्य गार्ड बाहेरचे होते: वॉल्टर क्लेटन आयोनाचा, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा आणि विल रिचर्ड बेल्माँटचा.

हे योगायोगाने घडलेले नाही. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सामने खेळता येत नसत. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये ही मर्यादाही गेली. म्हणजे प्रशिक्षकाला बाविशीचा, शंभर सामने खेळलेला तयार गडी मिळत असताना त्याने अठरा वर्षांच्या पोरासाठी तीन वर्षे कशासाठी थांबायचे?

आणि पोरेही जिंकतात. २०१२ च्या केंटकीचे काय? अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट हे दोघेही पहिल्या वर्षाचे, आणि त्याच उन्हाळ्यात एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिले आणि दुसरे.

नागपाडा_जुना

मी मुंबईत बच्चूखान मैदानावर वाढलेला माणूस, अमेरिकेतले कॉलेज फक्त पडद्यावर पाहिलेले. तरी एक भर घालतो. प्रशिक्षक जॉन वुडन हे यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठात १९४८ साली आले आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले १९६४ साली. ते धरून बारा वर्षांत दहा. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते मुलांना मोजे कसे घालायचे ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. आमचे वस्ताद हेच सांगत असत, फक्त आमच्यातल्या निम्म्यांकडे मोजे नसत.

तसेच, १९६५ मध्ये ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) कॉलेजात आला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगीच नव्हती. त्या नवख्यांच्या संघाने स्वतःच्याच मुख्य संघाला ७५-६० असे हरवले, आणि तो मुख्य संघ आदल्या दोन्ही वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. तरीही अल्सिंडरला वर्षभर थांबावे लागले. थांबणे त्या काळी नियमातच होते, स्वभावात असो वा नसो.

वाबाशकाठी (धागाकर्ता)

आकडेमोड, विजेतेपदाचा टोला लागला आहे. औषध लावत आहे.

२०२४ चा अंतिम सामना तर माझा मुद्दा तुमच्यापेक्षाही कठोरपणे खोडून काढू शकेल. कनेटिकटने एडीला दोघांनी घेरण्याचा मोह टाळला. त्याच्यावर बहुतेक वेळ एकटा डॉनोव्हन क्लिंगन ठेवला आणि उरलेले चौघे आमच्या नेमबाजांना गोंदासारखे चिकटून राहिले. एडीने ३७ गुण केले. बाकी सर्वांनी मिळून २३. वर्षभर थ्री-पॉइंटरवर जगलेल्या संघाला त्या रात्री ते मारायला मिळाले फक्त ७, आणि त्यांतला १ आत गेला. चार वर्षे एका मुलाभोवती संघ बांधला की समोरच्यालाही काय मोजायचे ते नेमके कळते, हे त्या दिवशी शिकायला मिळाले.

परंतु तुमच्या यादीकडे पुन्हा पाहा. क्लेटन दोन वर्षे आयोनात खेळला आणि नंतर दोन वर्षे फ्लोरिडात; विजेतेपद आले ते चौथ्या वर्षी. न्यूटन तीन वर्षे ईस्ट कॅरोलायनात होता. स्पेन्सर आधी मेरीलँडमधल्या लोयोलात आणि मग रटगर्समध्ये होता. ही मुले ‘तयार’ मिळाली हे खरे, पण त्यांना तयार कोणी केले? धक्के देणारी ढाल कोणीतरी कोठेतरी धरली होतीच. ते घर मोठ्या विद्यापीठाचे नव्हते इतकेच. रोप एकाच्या अंगणात, फळ दुसऱ्याच्या ताटात. आयोना किंवा बेल्माँट यांना त्याबद्दल काय मिळाले? फुटबॉलमधल्या युरोपीय क्लबांना खेळाडू गेल्यावर हस्तांतरणाची रक्कम तरी मिळते.

केंटकीविषयी: २०१२ च्या अंतिम सामन्यात डेव्हिसचा १० पैकी १ च नेम लागला. त्याने १६ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणे) आणि ६ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचे नेम अडवणे) घेऊन सामना फिरवला हे मान्य, पण सर्वाधिक २२ गुण केले ते दुसऱ्या वर्षाच्या डोरॉन लॅम्बने. शिवाय २०१५ चे केंटकी आठवा. ३८ सामने सलग जिंकून आलेला, भावी एनबीए खेळाडूंनी खचाखच भरलेला तो संघ उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. विस्कॉन्सिनचा प्रमुख खेळाडू फ्रँक कमिन्स्की. पहिल्या वर्षी त्याची सरासरी होती १.८ गुण, दुसऱ्या वर्षी ४.२ आणि चौथ्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आजच्यासारखे उघडे असते तर तो थांबला असता का, हे सांगणे कठीण आहे.

आकडेमोड

आणि विस्कॉन्सिनला अंतिम सामन्यात कोणी हरवले? ड्यूकने, ६८-६३. ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स, ग्रेसन ॲलन, सगळे पहिल्या वर्षाचे. असो.

सुलभा_कोलंबिया

आपण सर्वजण फक्त मुलांविषयीच लिहीत आहात, म्हणून साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींचा दाखला देते. मी त्याच गावात, कोलंबियात, राहते. २०२३ मध्ये प्रशिक्षक डॉन स्टेली यांचा संघ ३६ सामने जिंकून उपांत्य फेरीत आयोवाकडून, म्हणजे केटलिन क्लार्ककडून, ७७-७३ असा हरला. सुरुवातीच्या पाचही खेळाडू त्या वर्षी बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी नव्या पाच जणी उभ्या राहिल्या आणि संघ ३८-० असा अजिंक्य राहून विजेता झाला.

हे शक्य झाले, कारण त्यांतल्या काही जणी आदल्या वर्षी बाकावर बसून रोज सरावात त्याच दर्जाच्या खेळाडूंशी झुंजत होत्या. कमिला कार्डोसो ही ६ फूट ७ इंचांची ब्राझीलची मुलगी सिराक्यूज सोडून येथे आली आणि अलिया बोस्टनच्या मागे राखीव म्हणून दोन वर्षे राहिली. बोस्टन गेल्यावर २०२४ च्या अंतिम चारमध्ये ती सर्वोत्कृष्ट ठरली. म्हणजे बाहेरून आणलेली आणि तरीही थांबलेली. आपल्या वादातल्या दोन्ही बाजू एकाच मुलीत!

मुलींच्या खेळात संयम अधिक दिसतो, त्यामागे स्वभावापेक्षा नियम अधिक आहे. एनबीएमध्ये १९ व्या वर्षी, शाळा संपल्यावर वर्षभराने जाता येते; डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी अमेरिकन मुलीला त्या वर्षात २२ पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवी लागते. प्रशिक्षकाला चार वर्षे मिळणार हे ठाऊक असले की तो पहिल्या वर्षी पायांवर काम करतो.

ओपीटी_वाला

एडी चार वर्षे थांबला यामागे एक कारण आपल्या लोकांच्या चांगलेच परिचयाचे आहे आणि ते कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मुभा आहे. एडी मात्र कॅनडाचा, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. देशातला सर्वोत्तम खेळाडू असूनही अमेरिकेत उभे राहून जाहिरात करणे त्याच्या व्हिसात बसत नव्हते, त्यामुळे जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठाकडे जाण्याचे आकर्षण त्याला इतरांपेक्षा कमीच असणार. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने, तो मूळचा काँगोचा, २०२२ मध्ये संघ बहामात सामने खेळायला गेला असताना तेथे जाऊन अशी कामे उरकली होती.

गमतीची गोष्ट म्हणजे एफ-१ वाल्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येते, आणि कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमानुसार हंगामात सक्तीचा सरावही आठवड्याला २० तासच घेता येतो. ग्रंथालयात पुस्तके लावताना मला हे ठाऊक असते तर बरे वाटले असते.

आता मामला आणखी पुढे गेला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यामुळे ‘थांब, तू तिसऱ्या वर्षी मोठा होशील’ हे वाक्य प्रशिक्षकाला यापुढे आकड्यासह म्हणावे लागेल.

शुभदा_शार्लट

गेले चार दिवस हा धागा वाचत आहे. माझा मुलगा बारावीत आहे, ६ फूट ५ इंच, बास्केटखाली नव्हे तर बाहेरून खेळणारा. तुम्ही सर्व जण निवडीविषयी विद्यापीठाच्या बाजूने लिहिता, म्हणून पलीकडच्या बाजूचे थोडे लिहिते.

विद्यापीठांचे प्रशिक्षक मुले हेरायला येतात त्या जुलैतल्या स्पर्धा बुटांच्या कंपन्यांनी भरवलेल्या साखळ्यांत होतात. एका अवाढव्य हॉलमध्ये आठ मैदाने शेजारीशेजारी, आठ शिट्ट्या एकाच वेळी, आणि कडेला घडीच्या खुर्च्यांवर विद्यापीठाच्या चिन्हाचे टी-शर्ट घातलेल्या प्रशिक्षकांची रांग. त्या काळात त्यांना मुले पाहता येतात, पण तेथे आमच्याशी बोलता येत नाही. त्यामुळे चहा घ्यायला जाताना समोरासमोर आलो तरी मान हलवून पुढे जायचे. लग्नाच्या हॉलमध्ये बैठक फिसकटलेल्या स्थळाकडची मंडळी भेटावीत, तसे होते ते.

एका मध्यम दर्जाच्या डिव्हिजन वन विद्यापीठाचे (नाव लिहीत नाही) सहायक प्रशिक्षक सप्टेंबरपासून दर रविवारी फोन करत होते. आम्ही दोन दिवस तेथे जाऊनही आलो. मुलाला त्यांचा गणवेश घालून छायाचित्रेही काढली. नंतर फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला आणि आता येत नाही. दुसऱ्या एका पालकांकडून कळले की ती जागा वसंतात पोर्टलमधून येणाऱ्या अनुभवी खेळाडूसाठी राखून ठेवायचे ठरले आहे. त्यांनी आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तोंडी शब्द कोणालाच बांधत नाही, त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही. परंतु आकडेमोड यांनी ‘कशासाठी थांबायचे’ असे विचारले, त्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा बसलेला असतो, एवढे नोंदवते.

आता दुसऱ्या एका विद्यापीठाने रस दाखवला आहे. त्यांना काय विचारावे?

आकडेमोड

शुभदाताई, माझे वाक्य हिशेबापुरते होते. तरी तुमचे वाचून ते पुन्हा तसे लिहिले नसते. एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. पोर्टलमुळे वरच्या विद्यापीठांतल्या जागा बारावीच्या मुलांसाठी आटल्या आहेत, त्यामुळे एक पायरी खालच्या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून खेळायला मिळत असेल तर ते कमीपणाचे मानू नका. क्लेटनने सुरुवात आयोनातच केली.

वाबाशकाठी (धागाकर्ता)

ताई, प्रशिक्षकाला विचारण्याआधी एक गोष्ट घरबसल्या पाहता येईल. त्या संघाचे गेल्या चार वर्षांचे खेळाडूंचे तक्ते काढा आणि आज तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्यांपैकी तेथेच सुरुवात केलेले किती, ते मोजा. नंतर त्यांनी पहिल्या वर्षी किती मिनिटे खेळली ते पाहा. मिनिटे कमी आणि मुलगा अजून तेथेच, असे दिसले तर काहीतरी शिकवले जात आहे.

शिवाय ‘रेडशर्ट’ करणार का, हे स्पष्ट विचारा. सराव पूर्ण, सामने शून्य आणि खेळण्याची चार वर्षे शाबूत, अशी ती व्यवस्था. आमच्या ट्रे कॉफमन-रेनने इंडियानात मोठे नाव असूनही पहिले वर्ष असेच काढले. २०२४ च्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीच्या पाचांत होता आणि पुढच्या हंगामात त्याची सरासरी २० च्या वर गेली. हे ऐकून चिरंजीवांचा चेहरा कसा होतो, तेही पाहा. प्रशिक्षकाच्या उत्तराइतकेच ते महत्त्वाचे आहे.

शुभदा_शार्लट

काल रात्री जेवणानंतर तक्ते काढले. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे सात खेळाडू आहेत. त्यांतले पाच बाहेरून आलेले आणि दोन पहिल्यापासून तेथलेच. त्या दोघांपैकी एक आता सुरुवातीच्या पाचांत खेळतो. पहिल्या पूर्ण हंगामात तो ३१ मिनिटे खेळला होता. सामन्यामागे ३१ नव्हे, सगळ्या हंगामात मिळून.

रेडशर्टविषयी सांगितले तेव्हा चिरंजीवांचा चेहरा चांगला झाला नाही. पण नंतर त्याने त्या मुलाचे ते ३१ मिनिटांचे सामने शोधून काढले आणि रात्री साडेबाराला मी दिवा बंद करायला गेले, तेव्हा तो दुसरा सामना मागेपुढे करून पाहत होता. ‘आई, हा चेंडू खाली आणतो बघ,’ म्हणाला, ‘आता नाही आणत.’